चारचे आठ

“चारचे किती?” माइकवरून आवाज आला.

“आठ!” मंगल कार्यालयात दाटीवाटीनं बसलेल्या सहा-सातशे माणसांनी एका दमात उत्तर दिलं आणि वरचे पत्रे थरथरले.

धरणगावात एवढी माणसं एरवी कापसाचा भाव फुटतो तेव्हाच जमतात. पण त्या रविवारी सकाळी दहापासून दहावी-बारावीची पोरं, त्यांचे आईबाप, आत्या, मावश्या असे सगळे सतरंजीवर गुडघ्याला गुडघा लावून बसले होते. व्यासपीठावर स्मरणनाथ महाराज होते. पांढरं शुभ्र धोतर, जरीचं उपरणं आणि गालाजवळ टीव्हीतल्या गायकासारखा बारीक माइक.

“बाळांनो, स्मृती म्हणजे लहर! तिला हाड नाही, मांस नाही. विज्ञान सांगतं, मेंदूत अब्जावधी क्वांटम असतात. तुमच्या पोरांचे क्वांटम झोपलेत. मी काय करतो? मी फक्त हाक मारतो!”

क्वांटम म्हणजे काय, हे त्या सभागृहात महाराजांना धरून कुणालाच माहीत नव्हतं. पण शब्द वजनदार होता, आणि वजनदार शब्दापुढे माणसं आधी हात जोडतात आणि मग अर्थ विचारतात. कधीकधी विचारतही नाहीत.

“तुम्ही म्हणाल, महाराज, पुरावा काय? पोराच्या डोक्यात डोकावून कसं बघायचं? म्हणून मी यंत्र घेतो. निर्जीव यंत्राची मेमरी माझ्या मंत्रानं दुप्पट झाली, तर तुमच्या जिवंत लेकराची का नाही होणार?”

मागच्या भिंतीशी, प्रोजेक्टरच्या वायरींमध्ये अलफिया उभी होती. वय चोवीस, आयटीआयमधून हार्डवेअरचा कोर्स केलेली, कुंदनशेठच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात तीन वर्षं कामाला. प्रोजेक्टर शेठनीच दिला होता, तो सांभाळायला तिला पाठवलं होतं. तिला कार्यक्रमात रस नव्हता. दोनला सुटका होईल आणि घरी जाऊन जेवू, एवढाच तिचा हिशेब.

व्यासपीठावर घागरीतून चिठ्ठी निघाली. “ललिता सुकलाल पाटील!”

गर्दीतून एक बाई गांगरून उठली. ललिता जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवायची. नवरा सुरतेला कापडगिरणीत. त्यानं मुलीच्या अभ्यासासाठी जुना लॅपटॉप पाठवला होता, तो छातीशी धरून ती पुढे गेली. मागोमाग तिची पंधरा वर्षांची हेमलता.

महाराजांच्या चेल्यानं लॅपटॉप सुरू करून पडद्यावर आकडा मोठा करून दाखवला. मेमरी चार जीबी. मग लॅपटॉप उलटा केला आणि बुडाच्या एकेका स्क्रूवर तापवलेली लाख ओतून महाराजांच्या अंगठीची मोहोर उठवली. “कुणी उघडला असं म्हणायला नको!” मग महाराज ध्यानाला बसले. उजेडाची बाधा नको म्हणून प्रोजेक्टर बंद करायला लावला. चेल्यानं मात्र लॅपटॉप पुढ्यात घेतला आणि “यंत्राला संकल्प सांगतो” म्हणून तो दोन मिनिटं कीबोर्डवर काहीतरी टाइप करत राहिला. मग यंत्र बंद केलं, त्यावर ब्राह्मीचं तेल शिंपडलं, मंत्र झाला आणि पुन्हा सुरू केलं.

पडद्यावर आठ.

टाळ्या, शिट्ट्या, जयघोष. ललिता तिथेच महाराजांच्या पायांवर पडली. दाराशी स्मृती वाढवणाऱ्या अर्काच्या बाटल्या विकायला ठेवल्या होत्या, तिकडे रांग लागली.

अलफिया वायर सोडून दोन पावलं पुढे आली. तो लॅपटॉप तिनं ओळखला होता. झाकणाच्या कोपऱ्यावर अर्धवट खरवडलेलं गुजराती स्टिकर होतं. गुरुवारी तो तिच्याच टेबलावर होता.

*

गुरुवारी कुंदनशेठ म्हणाले होते, “बेटा, याचा पंखा साफ कर. आणि ही चारची आणखी एक पट्टी बसव.”

त्यात विशेष काहीच नव्हतं. लॅपटॉपच्या पोटात मेमरीच्या पट्टीसाठी बहुधा दोन खाचा असतात. एक भरलेली, एक रिकामी. पाठ उघडायची, पट्टी तिरपी सरकवायची, दाबली की दोन्ही बाजूंच्या चिमट्या कट्‌ करून बसतात. वीस मिनिटांचं काम. पण त्यानंतर शेठ म्हणाले, “आता मशीनला सेटिंगमधून सांग, चारच वापर. गिऱ्हाईकाचं थोडं बाकी आहे. रविवारी खोलून देऊ.”

अशी सोय असते. यंत्रात आठ असले तरी ‘चारच्या पुढे हात लावू नकोस’ असं त्याला बजावून ठेवता येतं. उरलेली मेमरी आत असून नसल्यासारखी. अलफियानं तसं केलं, जॉबकार्डावर सही केली आणि पुढच्या कामाला लागली. लॅपटॉप न्यायला ललिता आली, तेव्हा शेठनी तिला पंखा साफ केल्याचं तेवढं सांगितलं आणि महाराजांच्या कार्यक्रमाचं कूपन देऊन लॅपटॉप सोबत न्यायला सांगितलं.

म्हणजे त्या चेल्याचा ‘संकल्प’ होता ते सेटिंग काढणं. घागरीतली चिठ्ठीही ठरलेलीच. बाकी उरलं ते तेल.

सोमवारी दुकान उघडताच तिनं शेठना विचारलं, “शेठ, ललिताताईंच्या लॅपटॉपचं काय होतं ते?”

कुंदनशेठ अगरबत्ती लावत होते. त्यांनी मागे वळूनही बघितलं नाही. “काय होतं?”

“लोक पोरांसाठी अर्काच्या बाटल्या नेतायत. आपण मेमरी बसवली, म्हणून.”

“आपण?” आता ते वळले. “पट्टी कुणी बसवली? सेटिंग कुणी केलं? कार्डावर सही कुणाची?”

तिनं जॉबकार्डांच्या ड्रॉवरकडे बघितलं.

“हे बघ बेटा,” त्यांचा आवाज मऊ झाला, आणि त्या मऊपणाचीच तिला जास्त भीती वाटली. “तू बोललीस, तर लोक मेमरीचं ऐकतील असं वाटतं तुला? ते तुझं नाव ऐकतील. हनीफ वाइंडिंगवाल्याची पोरगी आमच्या महाराजांना खोटं म्हणते. मग गोष्ट कुठल्या कुठे जाईल, ती तुझ्या हातात राहील का, माझ्या?”

घरी तिनं आईला सांगितलं. खातून भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. ओट्यावर अब्बा एका शेतकऱ्याची विहिरीवरची जळालेली मोटर उघडून बसले होते. तीस वर्षं पंचक्रोशीतल्या मोटारी त्याच ओट्यावर उघडल्या जात होत्या. खातूननं एकदा तिकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, “बेटा, अपने को यहीं रहना है.”

अब्बांच्या कानावर गेलं असावं. ते नुसते तांब्याची तार उलगडत राहिले.

*

मंगळवारी अलफिया शाळेच्या स्वयंपाकघरात गेली. ललिता पातेल्यात उलथनं फिरवत होती. चेहरा उजळलेला.

“ताई, तो रविवारचा प्रकार… मेमरी तशीही वाढवता येते. दुकानात. त्याला मंत्र लागत नाही.”

“अलफिया, मी मना डोयाघाई देखं,” ललिता स्वतःच्या डोळ्यांकडे बोट दाखवत म्हणाली. “मना लॅपटॉप, मनी पोर, बठ्ठ्यासना समोर. लाख तशीच शे आजून. ते खोटं कसं व्हई?”

‘पट्टी मी बसवली’ एवढे तीन शब्द अलफियाच्या जिभेवर आले आणि तिथेच बसले. तिनं वेगळंच विचारलं, “हेमाच्या गोळ्या चालू आहेत ना?”

हेमलताला तिसरीत असल्यापासून फिट यायच्या. जळगावच्या डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ गोळी लावली, तेव्हापासून तीन वर्षं एकही आली नव्हती. पण गोळीनं पोर सुस्तावते, पाठ केलेलं विसरते, असं ललिताला कायम वाटायचं. दहावीचं वर्ष होतं.

“बंद करी टाक्यात,” ललिता सहज म्हणाली. “म्हाराज बोलनात, गोई आनि अर्क एका घरमा ऱ्हात नहीत.”

“ताई, नका! त्या गोळ्या एकदम बंद करायच्या नसतात. डॉक्टरांना विचारा.”

“तू डॉक्टर शे का?” ललिता हसली. हसण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच पुढे बोलायला जागा नव्हती.

अलफिया परत आली. पुढचे नऊ दिवस तिनं रोज स्वतःला सांगितलं की आज जाऊ, आज खरं काय ते सांगू. रोज दुकानात शेठ तिच्यासमोर एखादा लॅपटॉप ठेवत. “यातही एक पट्टी. आणि चारवर थांबव.” पुढचा कार्यक्रम ठरला होता. नाही म्हणावं तर शेठ ड्रॉवर उघडून तिच्या सहीचं कार्ड नुसतं वर काढून ठेवत. ती मुकाट्यानं स्क्रूड्रायव्हर उचलत असे. गल्लीतून शाळेची पोरं अर्काच्या बाटल्या दप्तरात घालून जायची. तिला वाटायचं, आपण एका बंद डब्यात आहोत आणि झाकणाचे स्क्रू आपणच आवळतोय.

कार्यक्रमापासून अकराव्या दिवशी सराव परीक्षेत, इतिहासाच्या पेपरला, हेमलता बाकावरून खाली कोसळली. बाकाच्या लोखंडी कडेनं कपाळ फुटलं. जबडा आवळला, हातपाय ताठ झाले, ओठातून रक्त आलं. पोरं किंचाळत पळाली. कुणी चप्पल हुंगवायला धावलं, कुणी कांदा आणायला. मुख्याध्यापिका प्रमिलाबाईंनी सगळ्यांना मागे सारलं, पोरीला कुशीवर वळवलं, डोक्याखाली स्वतःची शाल दिली आणि फिट थांबेपर्यंत घड्याळाकडे बघत बसल्या. मग गाडीत घालून सरळ जळगाव.

कपाळाला चार टाके पडले. डॉक्टरांनी ललितासमोर गोळ्यांची चिठ्ठी ठेवली आणि म्हणाले, “बाई, आज ही वर्गात पडली. चुलीपाशी पडली असती तर?”

तिसऱ्या दिवशी अलफिया ललिताच्या घरी गेली. हेमलता खाटेवर पडली होती आणि उशाशी अर्काची बाटली पुन्हा उभी होती.

“हे काय ताई?”

“म्हाराजनी निरोप धाडा,” ललिता नजर चुकवत म्हणाली. “जुनं विष बाहेर पडी ऱ्हायनं म्हने. आखो पंधरा दिवस.” गोळ्यांचं पाकीट फळीवर होतं. न फोडलेलं.

अलफिया जमिनीवर बसली. 

“ताई, पट्टी मी बसवली.”

“कसानी पट्टी?”

मग तिनं सगळं सांगितलं. गुरुवार, पंखा, पट्टी, सेटिंग, सही. आणि गेले नऊ-दहा दिवस आपण का गप्प बसलो, तेही. ललिता ऐकत होती, पण चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं.

“लॅपटॉप द्या. हेमा, तू घे. मी हात लावत नाही, तूच कर.”

हेमलता उठून बसली. अलफिया सांगेल तशी ती एकेक बटण दाबत गेली. बुडाची लाख शाबूत होती. यंत्र बंद होऊन सुरू झालं. चार.

“माय वं!” ललितानं तोंडाला पदर लावला. “कृपा गयी का?”

“थांबा.” पुन्हा बंद, पुन्हा सुरू. आठ. “आता पाच कर हेमा.” पाच. “सहा कर.” सहा.

पोरीच्या ओठांवर हसू आलं आणि टाके ओढल्यामुळे लगेच मावळलं. “आई, बघ. पुन्हा चार केलेत. इथे लिहिलंय, बसवलेली मेमरी आठ, वापरायजोगी चार. कार्यक्रमात त्यांनी फक्त ‘चार’ मोठं करून दाखवलं होतं.” मग तिनं यंत्रावरून हात काढला. “म्हणजे माझ्या डोक्यात काही झालंच नव्हतं. मला तर वाटत होतं, इतिहास छान लक्षात राहतोय.”

ललिता उठली. फळीवरचं पाकीट काढलं, गोळी फोडली आणि पाण्याचा तांब्या पोरीच्या हातात दिला. मग अर्काची बाटली उचलून दाराबाहेर ठेवली. अलफियाला वाटलं, आता आपल्याला हाकलून देईल. दिलं असतं तरी तिचं काही चुकलं नसतं.

“रविवारे मनी पोरले व्यासपीठवर बलायेल शे,” ललिता शेवटी म्हणाली. “जासूत. बठ्ठा जासूत.” जायचं ठरलं, सगळ्यांनीच.

*

त्या रविवारी गर्दी दुप्पट होती. बोर्डावर हेमलताचा हसरा फोटो होता, खाली ‘महाराजांची पहिली स्मृतिकन्या’. फिटची कुजबुज गावात पसरली होती, पण बोर्ड लागल्यावर तिला न बोलावून चालणार नव्हतं. केसांची बट कपाळावर ओढून चेल्यानं तिला माइकसमोर उभं केलं. प्रोजेक्टरपाशी नेहमीप्रमाणे अलफिया होती.

“सांग बाळा, तुझ्या यंत्राचं काय झालं?” महाराज म्हणाले.

“सांगते. दाखवतेच,” हेमलता म्हणाली आणि आईच्या हातातून लॅपटॉप घेतला. अलफियानं वायर पुढे केली. चेला पुढे सरसावला, तोवर पडदा उजळला होता.

“चारचे किती?” पोरीनं विचारलं.

“आठ!” सभागृह गर्जलं.

तिनं बटणं दाबली. यंत्र बंद होऊन सुरू झालं. पडद्यावर आकडा आला, चार. सभागृहात चुळबुळ. पुन्हा आठ. मग पाच.

“मी मंत्र म्हटला नाही,” हेमलता म्हणाली. “मला येतच नाही.”

माइक बंद झाला. कुंदनशेठ प्रोजेक्टरच्या बटणाकडे धावले, पण पहिल्या रांगेतून प्रमिलाबाई उठल्या. “राहू द्या शेठ. पोर दाखवतेय ते बघू द्या. खरं असेल तर महाराजांना भीती कसली?”

अलफिया व्यासपीठावर चढली.  माइक नव्हता, म्हणून ओरडून बोलावं लागलं. “मेमरी मी बसवली! कुंदनशेठच्या दुकानात, कार्यक्रमाच्या आधी. आज ज्यांची चिठ्ठी निघेल त्यांच्या लॅपटॉपमध्येही बसवलेली आहे. वाढलं काहीच नाही. आत होतं ते झाकलं आणि इथे येऊन उघडलं.”

“ही कोण?” मागून आवाज आला. “हनीफची पोरगी ना? हिला आपल्यात बोलायचं काय काम?”

शेठ म्हणाले होते तसंच झालं होतं. दोन-चार जण उठून पुढे येऊ लागले. अलफियाला वाटलं, संपलं.

“नाव काय देखतस?” ललिता तिच्यापुढे येऊन उभी राहिली आणि तिनं पोरीच्या कपाळावरची बट वर सारली. काळे टाके सगळ्यांना दिसले. “हाई देखा! मनी पोर पडनी, तिनं डोकं फुटनं. ह्या बाबानं गोया बंद कऱ्या, मी कऱ्या. हाई पोरनं वाचाडी तिले!”

पुढे आलेली माणसं थबकली.

“नकारात्मक ऊर्जा!” महाराज आता बिनमाइकचे बोलत होते आणि आवाज बराच लहान निघाला. “सभेत नकारात्मक ऊर्जा शिरली आहे.”

“ती नंतर काढू,” प्रमिलाबाई म्हणाल्या आणि पिशवीतून स्वतःचा लॅपटॉप काढून त्यांच्यापुढे ठेवला. “हा माझा. शेठच्या दुकानात कधी गेलेला नाही. यात चार आहे. चारचे आठ करा, मी तुमची पहिली शिष्या.”

महाराजांनी लॅपटॉपकडे बघितलं, छताकडे बघितलं. “आज… आज मुहूर्त नाही.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरं. मग तो हशा सतरंजीवरून पसरत पसरत मागच्या भिंतीपर्यंत गेला. तो ओसरला, तेव्हा महाराजांचं आसन रिकामं होतं. ते स्वयंपाकघराच्या दारानं गेले होते.

लोक अलफियाकडे बघत होते. तिला भाषण येत नव्हतं. तिनं हेमलताच्या लॅपटॉपच्या स्क्रूंवरची लाख खरवडली, पाठ उघडली आणि हिरवी पट्टी चिमटीत धरून वर केली. बोटाएवढी.

“चमत्कार एवढाच आहे. ही काढली की चार, बसवली की आठ. पण तुमच्या पोरांच्या डोक्याला मागून झाकण नाही. तिथे अशी रिकामी खाच नाही. त्यांना झोप द्या, जेवण द्या, अभ्यासाला वेळ द्या, आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करू नका.”

*

जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार झाली. कुंदनशेठना अटक झाली, महाराज चार दिवसांनी चोपडा तालुक्यात सापडले. अलफियानं जबाबात स्वतःची चूक लपवली नाही. त्यामुळे तिलाही तारखांना जावं लागतं आणि पुढे काय होईल ते वकिलालाही नक्की सांगता येत नाही. नोकरी गेली. अब्बांनी ओट्यावरच्या मोटारी एका बाजूला सरकवून तिला टेबल करून दिलं. काही माणसं अजून त्या ओट्यावरून मान फिरवून जातात. काही मात्र मुद्दाम थांबतात. आणि आपल्या लॅपटॉपचं पोट उघडताना उभं राहून बघतात.

हेमलता पास झाली. इतिहासात पहिल्यासारखेच बेताचे मार्क. गोळी दोन्ही वेळ चालू आहे.

आईबापांनो, फसवणाऱ्याला हुशारी फार लागत नाही. आपल्याला काय ठाऊक नाही, एवढंच त्याला ठाऊक असावं लागतं. डोळ्यांनी बघितलं म्हणून ते खरं, असं समजू नका. ललितानंही डोळ्यांनीच बघितलं होतं. तेव्हा विचारा. दोनदा विचारा, कळेपर्यंत विचारा, आणि सगळ्यांसमोर विचारा. विचारल्यानं खऱ्या गोष्टीचं कधी काही बिघडत नाही.